ग्रेगने सोडलेली ओळ

ग्रेगरी डाबरे गेल्याचं सायमन तुस्कानोला रिक्षांमुळे कळलं.

सकाळची वेळ होती. तो वाडीत केळींना पाणी लावून बांधावर बसला होता. रस्त्यावरून एक रिक्षा गेली, तिच्यात 'भरती' हे गाणं लागलेलं. त्यात नवल नव्हतं. वसईत ते गाणं कुठे ना कुठे वाजतच असे. मागोमाग दुसरी रिक्षा आली, तिच्यातही तेच. मग तिसरी. हल्लीच्या रिक्षांना इंजिनाचा आवाज नसतो, त्यामुळे रस्त्यावरून नुसती गाणीच चालली आहेत असं वाटत होतं. तिसऱ्या रिक्षावाल्याने भरदिवसा दिवा लावला होता आणि तो पायी चालल्यासारखा संथ चालला होता.

सायमनने हात वर केला. रिक्षा थांबली.

"ग्रेग?" त्याने विचारलं.

"पहाटे गेला, अंकल. झोपेतच."

रिक्षा गेली. सायमन केळींचं पाणी बंद करायला गेला. त्याच्या मनात पहिला विचार आला तो ग्रेगचा नव्हता. हे आता हिल्डाला सांगायला हवं, असा तो विचार होता. आणि हिल्डाला, त्याच्या बायकोला, जाऊन चार वर्षं झाली होती.

ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांना ग्रेग डाबरे काय होता ते सांगणं अवघड आहे. वसईच्या एका माळ्याचा हा मुलगा. चर्चच्या बँडात ट्रंपेट वाजवता वाजवता त्याने इलेक्ट्रिक गिटार हातात घेतली आणि 'खारफुटी' नावाचा रॉक बँड काढला. मराठीत रॉक, हे ऐकून लोक आधी हसले. मग एक दिवस हसायचे थांबले. 'भरती' हे त्याचं सर्वांत गाजलेलं गाणं. त्याच्या शेवटी सगळी वाद्यं टिपेला पोचलेली असत, ग्रेग म्हणे, "पाणी दारात आलं," आणि माइकपासून दोन पावलं मागे सरे. पुढचे दोन शब्द लोकांनी म्हणायचे: "येऊ दे." हजारो गळे ते म्हणत. ग्रेगने स्वतः ते दोन शब्द उभ्या हयातीत कधी म्हटले नाहीत. मात्र मागे सरल्यावर त्याचे ओठ हलत. ते सगळ्यांनी पाहिलं होतं, आणि तो काय पुटपुटतो हे कुणालाही ठाऊक नव्हतं. कुणी म्हणे प्रार्थना करतो. कुणी म्हणे बुडून मेलेल्या भावाचं नाव घेतो. ग्रेगला विचारलं की तो हसून दुसरंच काही बोले.

अंत्यविधीला वसईच्या रस्त्यांवर पाऊल ठेवायला जागा उरली नाही. साठी-सत्तरीची माणसं जुने काळे टीशर्ट पोटावर ताणून आली होती. ग्रेगच्या गिटारच्या तुटलेल्या तारा कुणी मनगटाला बांधल्या होत्या. एक निवृत्त न्यायाधीश चर्चच्या पायरीवर बसून लहान पोरासारखे रडत होते आणि त्यांना पाणी देणाऱ्या बाईला ते कोण हे ठाऊक नव्हतं. शवपेटी खाली उतरवताना गर्दीतून कुणीतरी सुरू केलं, "पाणी दारात आलं." आणि पुढे कुणालाच काही म्हणता येईना. ती ओळ सोडणारा माणूस नसताना ती उचलायची कशी, हे कुणालाच माहीत नव्हतं. फावड्यांचा आवाज तेवढा येत राहिला.

सायमन कंपाउंडच्या भिंतीशी उभा होता. आपण इथे उपरे आहोत असं त्याला वाटत होतं. जन्मभर त्याने वाचनालयात पुस्तकं दिली-घेतली. चारचौघांत बोलायची वेळ आली की त्याच्या घशाला कोरड पडे. ग्रेगचं वेड होतं ते हिल्डाला. ती प्रत्येक कार्यक्रमाला पुढे डावीकडे उभी राही, बँडच्या मुलांसाठी डबाभर सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, घेऊन जाई, आणि 'खारफुटी मित्रमंडळा'त तिला सगळे हिल्डावहिनी म्हणत. सायमन आपला तिच्याबरोबर जायचा. मग आज आपण आलोय ते कुणासाठी? ग्रेगसाठी रडावं एवढा आपला अधिकार आहे का?

*

आठवड्याने बाळा पाटणकर आला. बाळा ठाण्याचा, मित्रमंडळाचा अध्यक्ष. त्याच्याबरोबर तिशीतली एक मुलगी होती.

"ही ऋजुता भणगे. ध्वनिशास्त्र शिकलेली आहे. हिचा बाप आपल्यातलाच, नाशिकचा. सायमन, तुझ्याकडे ती पहिल्या मोठ्या कार्यक्रमाची टेप आहे ना? किल्ल्याच्या तटाजवळच्या मैदानातली?"

"आहे. पण तिच्यात नुसता गोंगाट आहे, बाळा. मी एकदाच लावली होती. माझाच आवाज मोठा येतो."

"गोंगाटच हवाय आम्हांला, अंकल," ऋजुता म्हणाली.

मग तिने समजावून सांगितलं. त्या संध्याकाळी मैदानात बऱ्याच जणांनी लपवून टेपरेकॉर्डर नेले होते. आजवर चाळीसेक टेपा हाती आल्या होत्या. एकेक टेप म्हणजे मैदानात एका जागी ठेवलेला एक कान. समजा, गर्दीत कुणी टाळी वाजवली. ती जवळच्या कानाला आधी ऐकू जाणार, लांबच्या कानाला किंचित उशिरा, आणि तटावर आपटून परत आलेली आणखी उशिरा. हा उशीर अचूक मोजता आला, तर टाळी नेमकी कुठे वाजली ते सांगता येतं. असं प्रत्येक टाळीचं, प्रत्येक शब्दाचं करायचं.

"पण टेपा जुन्या. कुठली हळू चालते, कुठली भरभर," सायमन म्हणाला. "त्यांचं घड्याळ एक कसं करणार?"

ऋजुताचा चेहरा खुलला. "हाच प्रश्न आम्हांला वर्षभर छळत होता. उत्तर विजेने दिलं. स्टेजवरच्या अँप्लिफायरमधून एक बारीक घुंऽऽ येत असते. तो विजेच्या तारांमधला आवाज. विजेची मागणी बदलली की तो केसभर वर-खाली होतो. ती घुंऽऽ सगळ्या टेपांवर आहे. तिच्या चढउतारांवर सगळ्या टेपा एकमेकींशी जुळवून घेतल्या."

एवढं जमलं की ती संध्याकाळ पुन्हा उभी राहणार होती. ऋजुताचे लोक तिला 'श्रुतिक्षेत्र' म्हणत. कानांवर यंत्र चढवून त्याच मैदानात चालायचं. ज्या जागी उभे राहाल त्या जागी त्या दिवशी जे ऐकू येत होतं तेच ऐकू येणार. पाऊल सरकवलं की शेजारच्याला जे ऐकू येत होतं ते. ग्रेगच्या महिन्याच्या मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेनंतर, सगळ्या चाहत्यांनी आपापल्या जुन्या जागी जाऊन उभं राहायचं, असं मंडळाने ठरवलं होतं.

"फक्त स्टेजच्या डावीकडे आम्ही आंधळे आहोत," ऋजुता म्हणाली. "तिथली एकही टेप नाही. आणि ग्रेग मागे सरायचे ते डावीकडेच."

"तू तिथे होतास," बाळा म्हणाला. "तो काय पुटपुटायचा ते तुझ्या टेपेत आहे, सायमन. आणि वहिनींची जागासुद्धा तीच. तिथे दगड बसवतोय आम्ही. पाटी तयार आहे. 'पहिली चाहती, हिल्डा तुस्कानो.' कशी वाटते?"

सायमनने मान हलवली. टेप हिल्डाच्या शिवणाच्या डब्यात होती. ती बाहेर काढताना त्याच्या मनात एकच गोष्ट होती आणि ती त्याने दोघांनाही सांगितली नाही. हिल्डाला फोनवर आवाज भरून ठेवायचा तिटकारा होता. घरात तिच्या आवाजाचा एक तुकडाही उरला नव्हता. त्या संध्याकाळी ती त्याच्या डाव्या हाताला, अगदी खांद्याशी उभी होती.

*

ऋजुताने बोलावलं तेव्हा तो धुतलेला सदरा घालून गेला. यंत्रं शाळेच्या एका खोलीत मांडली होती. बाळा आधीच येऊन बसला होता.

"अंकल, एक कायद्याची गोष्ट आहे," ऋजुता म्हणाली. "गेलेल्या माणसाचा आवाज ओळखू येण्याइतका निघाला, तर वारसाची परवानगी लागते. नाहीतर तो पुसावा लागतो. ग्रेगच्या घरच्यांनी दिली आहे. तुमच्या शेजारच्या एका बाईंचा आवाज निघालाय. आम्हांला त्या काय बोलतात ते कळत नाही. यंत्रालाही ती भाषा येत नाही. आणि त्याच क्षणी ग्रेगही काहीतरी बोलतात, त्याच भाषेत. यंत्र दोघांनाही गोंगाट समजतं."

तिने यंत्र त्याच्या कानांवर ठेवलं.

आधी मैदान आलं. मग गिटार, मग हजारो गळ्यांचं "येऊ दे". मग ऋजुताने काहीतरी फिरवलं आणि ते सगळं भिंतीपलीकडे गेल्यासारखं दूर झालं. आणि हिल्डा बोलली.

वाडीतल्या बोलीत, पंचविशीच्या आवाजात. लग्न तेव्हा ठरायचं होतं. सायमनला मुलीशी काय बोलावं ते सुचत नव्हतं म्हणून त्याने आपल्या बहिणीच्या हाती तिला तिकिटं पाठवली होती. वाचनालयाला फुकट आलेली तिकिटं होती ती. ग्रेग डाबरे कोण हे त्याला तेव्हा धड माहीतही नव्हतं. हाताला काही उद्योग हवा म्हणून त्याने वाचनालयाचा टेपरेकॉर्डर बरोबर घेतला होता. हिल्डा लुसी नावाच्या मैत्रिणीला घेऊन आली होती, आणि आता ती त्या लुसीशी बोलत होती.

"मला यातलं काही कळत नाही गं. डोकं ठणकतंय नुसतं. पण ह्याच्याकडे बघ ना. चारदा घरी आला, पाणी हवंय का विचारलं तर नुसती मान हलवली. आणि इथे बघ, गातोय. गळ्याच्या शिरा बघ." मग ती हसली. मग हसू आवरून म्हणाली, "याला इथे आणत राहायला हवं."

आणि तिच्या बोलण्याच्या आड, मागून, एका पुरुषाचा दमलेला आवाज. "हळू वाजव रे पीटर. ऐकू दे मला." पीटर म्हणजे ग्रेगचा मामेभाऊ, बास वाजवायचा तो.

सायमनने यंत्र काढून मांडीवर ठेवलं. चष्मा पुसला. तो पुसायची गरज नव्हती.

"काय म्हणतो ग्रेग?" बाळाने विचारलं.

सायमनने सांगितलं.

"एवढंच?"

"एवढंच."

बाळा खुर्चीत मागे रेलला. त्याने मनगटावरची तार उगाच फिरवली. "पंचेचाळीस वर्षं, सायमन. पंचेचाळीस वर्षं आम्ही त्यावर भांडलो. 'हळू वाजव रे पीटर'? आणि वहिनी?"

सायमनने तेही सांगितलं. सांगताना त्याचा आवाज इतका खाली गेला की ऋजुताला पुढे वाकावं लागलं. शेवटचं वाक्य त्याने गाळलं, मग थांबला, आणि तेही सांगितलं.

मग बाळा हळूच म्हणाला, "हे बाहेर जाऊन चालायचं नाही. वसईच्या निम्म्या लोकांना ही बोली येते. वहिनींना लोक मानतात, सायमन. पहिली चाहती म्हणून दगडावर नाव, आणि तिथे उभं राहिलं की ती म्हणते माझं डोकं ठणकतंय? हसतील लोक. ऋजुता, तिचा आवाज पुसून नुसता ग्रेग नाही ठेवता येणार?"

"नाही. दोन्ही आवाज एकाच दिशेने, एकाच वेळी आलेत. एक सोलायला गेलं की दुसऱ्याचीही साल निघते."

"मग घाल ना नवीन. तुमची यंत्रं करतात ते. आता वहिनींचा आवाज मिळालाच आहे. त्यांना 'येऊ दे' म्हणू दे. ग्रेगही काहीतरी चांगलं म्हणेल. कुणाचं काय बिघडतंय?"

ऋजुताने सायमनकडे पाहिलं. "करता येतं. परवानगी तुमची."

आजवर त्याला कुणी कधी असं काही विचारलं नव्हतं. तो म्हणाला, "एकदा ऐकव."

तिने केलं. फार वेळ लागला नाही. आणि हिल्डा गायली. "येऊ दे." गोड, सुरात, मनापासून. सायमनचे डोळे भरून आले. हा आवाज घरी न्यावा, उशाशी ठेवावा, रोज ऐकावा असं त्याला वाटलं. त्याने पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा ऐकताना मात्र त्याच्या मनात काहीतरी अडलं. हिल्डाला गाताना त्याने कधी ऐकलं होतं? मिस्साला ती गायनाचं पुस्तक उघडून धरे, ते आठवलं. आवाज आठवेना. स्वयंपाक करताना, सुकेळी वाळत घालताना, कार्यक्रमांत. आवाज आठवेना. दर वेळी आठवत होती ती त्याच्याकडे वळलेली तिची मान. दर कार्यक्रम झाला की ती विचारी, "पुढचा कधी आहे?" आणि तो दुसऱ्या दिवशी तिकिटं आणी, तिच्यासाठी. ती येई त्याच्यासाठी. दोघांनीही एकमेकांना एका शब्दाने विचारलं नाही. आणि एवढ्या वर्षांत तो इतका गात होता, की शेजारची गात नाही हे त्याला ऐकूच आलं नव्हतं.

"हे पुस," तो म्हणाला.

"आणि खरं?"

"ते आहे तसं ठेव. दोघांचंही. कुठे सही करायची?"

"अरे, तिचं हसं होईल," बाळा म्हणाला. "ग्रेगचंही होईल. डोकं दुखत होतं म्हणते ती!"

"दुखत होतं. तरी तीस-पस्तीस वर्षं आली. आपलं डोकं कधी दुखलं का, बाळा? आपल्याला आवडायचं म्हणून आपण गेलो. त्यात काय मोठेपणा?"

सायमन एवढं एका दमात बोलला, याचं त्याला स्वतःलाच आश्चर्य वाटलं.

"आणि ती पाटी बदल," सायमन म्हणाला. "चाहती लिहू नकोस. 'हिल्डा तुस्कानो इथे उभी असे,' एवढंच लिही."

*

महिन्याच्या मिस्सानंतर ऊन कलतं झालं तेव्हा लोक मैदानात उतरले.

पंचेचाळीस वर्षांत समुद्र पुढे सरकला होता. मैदानाच्या मागच्या टोकाला आता उधाणाचं पाणी येई. मागच्या रांगांमधली माणसं पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, चपला हातात धरून पाण्यात उभी राहिली. प्रत्येकजण आपली जागा शोधत होता. दोन पावलं डावीकडे, एक पुढे, असं करता करता कुणाच्या चेहऱ्यावर एकदम ओळख उमटे आणि तो तिथे रोवल्यासारखा थांबे. मध्ये मध्ये जागा रिकाम्या होत्या. गेलेल्यांच्या. कुणी सांगितलं नव्हतं, पण त्या जागांवर कुणी पाय ठेवत नव्हतं. एका रिकाम्या जागी कुणीतरी घडीची खुर्ची उघडून ठेवली होती. दुसरीकडे एक छत्री मिटवून आडवी ठेवली होती.

सायमन स्टेजच्या डावीकडे आला. दगड बसवलेला होता. पाटी बदलली होती. शेजारी त्याची स्वतःची जागा. तो तिथे गेला नाही. दगडाशी, हिल्डाच्या जागी उभा राहिला आणि त्याने यंत्र कानांवर चढवलं.

तिचं बोलणं तो पाठ करून आला होता. तरी ते आलं तेव्हा त्याने दगडावर हात टेकला. पण तिच्या जागी उभं राहिल्यावर सर्वांत मोठं ऐकू येत होतं ते वेगळंच. तो स्वतः. उजव्या कानाशी कुणी तरुण पोरगा जीव तोडून, पट्टी सोडून, बेसूर ओरडत होता. त्याच्या ओरडण्यापुढे ग्रेग नव्हता, गिटार नव्हती, हजारो माणसं नव्हती. हिल्डाने हे ऐकलं होतं. याला इथे आणत राहायला हवं, असं तिला हे ऐकून वाटलं होतं.

गाणं शेवटाला आलं. "पाणी दारात आलं," ग्रेग म्हणाला आणि त्या दिवशीसारखाच मागे सरला. मैदानात कुठेच हालचाल नव्हती. प्रत्येकाच्या कानात आपापलं मैदान गर्जत होतं आणि बाहेर शांतता होती. पाण्याची हलकी खळखळ तेवढी येत होती. डाव्या बाजूच्या माणसांना ऐकू गेलं, "हळू वाजव रे पीटर. ऐकू दे मला." बोली येणाऱ्यांनी यंत्र बाजूला सरकवून न येणाऱ्यांना हळूच सांगितलं. ते वाक्य कानोकानी मागे मागे गेलं, थेट पाण्यात उभ्या असलेल्यांपर्यंत. कुणी हसलं नाही. बाळा पाटणकर पलीकडे उभा होता. त्याने यंत्र काढून हातात घेतलं आणि मान खाली घातली. मग त्याच्या शेजारच्याने काढलं. मग एकेक करून सगळ्यांनी.

आता कुणाच्याच कानात काही नव्हतं.

सायमन अजून हिल्डाच्या जागी होता. तिथे उभं राहून गायचं नव्हतं; ती तिथे कधी गायली नव्हती. मग तो एक पाऊल उजवीकडे सरकला, आपल्या जागी. त्याच्या घशाला नेहमीसारखी कोरड पडली होती. एवढी माणसं, आणि सगळी गप्प. एकट्याचा आवाज मैदानभर ऐकू जाणार होता.

"येऊ दे," तो गायला.

आवाज फाटका निघाला. पट्टीही चुकली. मागून, पाण्यातून, कुणीतरी ती ओळ उचलली.

सायमन गाता गाताच डावीकडे वळला आणि त्याने दगडाकडे पाहिलं.